डाव्या चाकाचा आवाज

ट्रक दारात आला की मानोल त्याला लगेच हात लावत नसे. आधी ड्रायव्हरला आत बसवायचा, अंगणात आडवी फळी टाकायचा आणि सांगायचा, "माणूस चालतो तेवढ्याच वेगानं यावरून ने. मग पूर्ण डावीकडे वळव. मग पूर्ण उजवीकडे." स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटायचा. ट्रक दोन फेऱ्या मारायचा आणि मानोल डोळे उघडून निकाल द्यायचा.

येलोवो गावाच्या आसपासच्या डोंगरांत लाकूड वाहणारे ट्रक सगळे जुनेच. बरेचसे फौजेनं वापरून टाकून दिलेले. त्यांचं पुढचं अंग कुरकुरतं, आपटतं, कण्हतं. कुठला आवाज कशाचा हे मानोलला पाठ होतं. कमानपाट्याची खिळी सैल झाली की फळीवरून जाताना लाकडी दार आपटल्यासारखं वाजतं. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळताना बाजू बदलते. टायरॉडचा सांधा झिजला की स्टिअरिंग नुसतं हलवलं तरी टक टक करतो. आणि चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती किंगपिन सुकली, की ट्रक वळताना कण्हतो.

झेको नावाचा एक ड्रायव्हर होता, भारी खोडकर. त्यानं एकदा पैज लावून आपल्या चाकाच्या टोपणात एक नट टाकला आणि ट्रक घेऊन आला. मानोलनं एकच फेरी ऐकली.

"उजव्या चाकाच्या टोपणात नट आहे," तो म्हणाला. "काढून घे. तुझ्या डोक्यातला पडलेला दिसतोय."

गुत्त्यात ही गोष्ट वर्षभर पुरली. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, मानोल मिस्त्रीला जॅक लागत नाही, कान पुरतात. लोक म्हणाले ते म्हणाले. वाईट एवढंच झालं की मानोलनंही ते खरं मानलं.

जंगलखात्याच्या गॅरेजात तो एकतीस वर्षं होता. तिथली शिस्त वेगळी होती. आवाजाची तक्रार आली की चाक उचलायचं, वरखाली धरून हलवायचं, दुसऱ्याला ब्रेक दाबायला लावायचा. हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन. अर्धा तास जायचा, पाठ मोडायची, पण चूक होत नसे. गॅरेज बंद पडलं आणि मानोल लाकूडगिरणीच्या मागच्या शेडमध्ये आला. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. साठी जवळ आली होती, गुडघे बोलत होते. कान तयार झाले तसे हात मागे पडले.

कोस्तादिन त्याच्या धाकट्या बहिणीचा, फिदानाचा नवरा. तो गिरणीचं लाकूड भरून खाली शहरात न्यायचा. वाटेत तेवीस वळणं. सप्टेंबरात एका दुपारी तो शेडमध्ये आला आणि टोपी काढून उलट्या डब्यावर बसला.

"मेहुणे, पुढून आवाज येतोय."

"कसला?"

"म्हातारी जिना चढताना कण्हते ना, तसा. डावीकडून. वळताना."

"निघाल्या निघाल्या?"

"नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर सुरू होतो. मग थांबत नाही. येताना पार अंगणापर्यंत."

"मग येताना इथं का नाही आणलात?"

"तुम्हीच म्हणता ना, गरम ट्रक खोटं बोलतो?"

मानोल हसला. हे त्याचंच वाक्य होतं. दिवसभर धावलेल्या ट्रकचं प्रत्येक लोखंड काही ना काही बोलतं, खरा आवाज सकाळी, थंड असताना ऐकावा, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्यात थोडं तथ्यही होतं.

"उद्या सकाळी घरी येतो," तो म्हणाला. "फिदानाला चीज भरलेली बानित्सा भाजायला सांगा. फुकट ऐकत नाही मी."

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो कोस्तादिनच्या अंगणात उभा होता. फिदाना घरातून पाण्याचं भांडं घेऊन आली. घरातलं कुणी लांब निघालं की त्याच्या वाटेवर पाणी ओतायचं, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ वाहते, हे येलोवोतल्या प्रत्येक घरात चालतं. बहुतेक बायका उंबऱ्यावर ओततात. कोस्तादिनची आई मात्र नवऱ्याच्या घोड्याच्या पुढच्या पायांवर ओतायची. घोडा गेला, ट्रक आला, तेव्हा ती डाव्या पुढच्या चाकावर ओतायला लागली, कारण लेक त्या बाजूला बसतो. म्हातारी गेल्यावर फिदानानं तेच चालू ठेवलं. बारा वर्षं, एकही सकाळ न चुकवता. तिनं भांडं चाकावर उपडं केलं, पुटपुटली आणि मागं सरली.

"हां, फिरवा आता," मानोल म्हणाला आणि डोळे मिटले.

ट्रक डावीकडे वळला, उजवीकडे वळला. काही नाही. जुन्या लोखंडाचा नेहमीचा खुळखुळाट, बाकी काही नाही.

"अजून एकदा."

अजून एकदा. काही नाही.

"दाजी, आवाज ट्रकमध्ये नाही," मानोल म्हणाला. "फिदाना तुमचे कान फार खाते, त्याचा आहे."

"मी कशाला खाईन?" फिदाना म्हणाली. "त्यांच्या कानात खाण्यासारखं आहे तरी काय?"

कोस्तादिन हसला, पण खाली उतरला नाही. "मेहुणे, आवाज आहे. मी वेडा नाही."

"बरं बाबा, ग्रीस मारतो."

मानोलनं ग्रीसगन आणली आणि डाव्या किंगपिनच्या, ग्रीस भरायच्या छोट्या निपलला लावली. दोन वेळा दाबली. ग्रीस निपलच्या तोंडाशीच कडेनं बाहेर आलं. ते आत जात नव्हतं, हे त्याला दिसलं. निपल काढून साफ करायला पाना आणावा लागला असता, पाना शेडमध्ये होता, आणि बानित्सा गरम होती. त्यानं बाहेर आलेलं ग्रीस फडक्यानं पुसलं.

"झालं," तो म्हणाला.

ऑक्टोबरात कोस्तादिन पुन्हा आला. आवाज वाढला होता. आता कण्हण्याबरोबर स्टिअरिंगही जड होत होतं. पुन्हा सकाळी सात, पुन्हा तेच अंगण. फिदाना घाबरली होती. आता ती भांड्याऐवजी बादली घेऊन आली आणि अख्खी बादली चाकावर रिकामी केली. पाणी चाकाच्या मागं, आत पार धुऱ्यापर्यंत उडालं.

ट्रक फिरला. पुन्हा काही नाही.

"स्टिअरिंग?" मानोलनं विचारलं.

"आत्ता हलकं आहे," कोस्तादिन ओशाळून म्हणाला. मग खिडकीतून वाकला. "असं करा, माझ्याबरोबर बसा. शहरापर्यंत चला. चाळीस मिनिटं. तुमच्या कानांनी ऐका."

"आणि येऊ कसा?"

"दुपारची बस आहे."

"झेकोचा गिअरबॉक्स उघडा पडलाय तिकडे."

झेकोचा गिअरबॉक्स आदल्या दिवशीच बसवून झाला होता. मानोलला बसमध्ये चढायचा कंटाळा आला, एवढंच. त्या संध्याकाळी गुत्त्यात त्यानं वर आणि एक विनोदही केला. "दाजींचा ट्रक लाजाळू आहे. चारचौघांत बोलत नाही, फक्त दाजींशी बोलतो." सगळे हसले. कोपऱ्यात कोस्तादिन बसला होता, तोही हसला. राकीचा पेला संपवला आणि उठला. त्यानंतर त्यानं आवाजाबद्दल कुणाकडेच तोंड उघडलं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौदाव्या वळणावर डावी किंगपिन तुटली. चाक बाहेरच्या बाजूला लोळलं. भरलेला ट्रक दरीकडे ओढत होता. कोस्तादिननं मिळेल त्या जोरानं तो डोंगराच्या अंगाला घातला आणि ट्रक खडकावर आदळला. मागची लाकडं पुढं सरकली. कोस्तादिन वाचला. डावा पाय गुडघ्यापासून पुन्हा कधी वाकला नाही.

ट्रकचा सांगाडा गिरणीच्या आवारात आणून टाकला. मानोलनं तो कुणी न सांगता उघडला. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. जॅक लावला, ओंडके लावले, दोन्ही बाजूंच्या पिना काढल्या आणि शेजारी शेजारी फळीवर ठेवल्या.

उजवी पिन काळी, तेलकट, गुळगुळीत होती. डावी तांबडी लाल, खड्ड्याखड्ड्यांची आणि मधोमध तुटलेली.

मानोलनं दोन्ही पिना उलटसुलट करून पाहिल्या. हिशोब जुळत नव्हता. या मुलखात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात. कडेच्या गटाराचं पाणी, चिखल, हिवाळ्यातलं मीठ, सगळं उजव्या चाकावर उडतं. गंजायची तर उजवी पिन गंजायला हवी होती. डाव्या बाजूला पाणी आलं कुठून?

मग त्याला बादली आठवली.

तो तसाच ठरवून मोकळा झाला नाही. झेकोच्या ट्रकची एक किंगपिन तेव्हा सुकून कण्हत होती. मानोलनं तो ट्रक मागवला, एक फेरी मारायला लावली. ट्रक कण्हला. मग पिनेवर बादलीभर पाणी ओतलं. ट्रक गप्प झाला. मानोल झेकोशेजारी बसला आणि दोघं रस्त्याला लागले. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. चौथ्या वळणावर पिन पुन्हा कण्हायला लागली.

"काय चाललंय काय तुमचं, मिस्त्री?" झेकोनं विचारलं. "ट्रकला आंघोळ घालताय?"

"गाडी वळव. परत चल."

म्हणजे आवाज होता. पहिल्या दिवसापासून होता. दोन्ही सकाळी, मानोलनं डोळे मिटायच्या आधी, त्याच्याच बहिणीनं तो विझवला होता. आवाज वाढला तशी ती घाबरली, घाबरली तसं तिनं पाणी वाढवलं, पाणी वाढलं तशी पिन आणखी गंजली.

पण मानोल जन्मभर लोखंडाशी खरं बोलला होता. त्यानं डाव्या बाजूचं निपल काढलं आणि तारेनं टोकरलं. भोकात वाळलेला रंग बसला होता. आदल्या वर्षी कुणीतरी धुरा रंगवला होता, तेव्हाचा. ग्रीस वर्षभर आत गेलंच नव्हतं. फिदाना बारा वर्षं पाणी ओतत होती. अकरा वर्षं आत ग्रीस होतं, तोवर पाण्यानं काही बिघडलं नाही. पिन गंजली ती ग्रीस थांबलं तेव्हापासून. आणि ग्रीस आत जात नाही हे सप्टेंबरात, बानित्साचा वास घेत असताना, मानोलला दिसलं होतं.

त्यानं तुटलेली पिन चिंध्यांत गुंडाळली आणि शेडच्या मागं, जिथं भंगार पुरायचे तिथं, खोल पुरली. पंचनाम्याला आलेल्या माणसाला सांगितलं, "जुनी होती. झिजली." ते खोटं नव्हतं.

गावात बोलणं सुरू झालं. मानोलचे कान गेले. झेकोनं तर तोंडावर म्हटलं, "मिस्त्री, माझ्या टोपणातला नट ऐकलात आणि घरच्या माणसाची पिन ऐकू आली नाही?"

"नाही आली," मानोल म्हणाला.

पाण्याची गोष्ट सांगितली असती तर गावानं मान हलवली असती, कानांची अब्रू परत आली असती. पण गावाला सांगितलेलं दुसऱ्या दिवशी फिदानाच्या उंबऱ्यावर पोचलं असतं. मानोल गप्प राहिला. फक्त एक काम सुरू केलं. गिरणीवर जो ट्रक थांबेल त्याच्या खाली ग्रीसगन घेऊन शिरायचं, आधी निपल काढून साफ करायचं, मग डाव्या पिनेला ग्रीस, मग उजव्या. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. गिरणीवरचे म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. एका ट्रकला वीस मिनिटं लागायची.

फिदाना त्याच्याशी बोलेनाशी झाली. हिवाळाभर तो तिच्या दारात लाकडं फोडून ठेवायचा आणि तो गेल्यावर ती ते सरपण आत घ्यायची. लाकडं परत केली नाहीत, एवढाच दिलासा.

हिवाळा सरताना, मोठे उपवास सुरू व्हायच्या आधी माफीचा रविवार येतो. त्या दिवशी धाकटी माणसं थोरल्यांकडे जातात, हाताचं चुंबन घेतात, "माफ कर" म्हणतात. थोरले "माफ आहे" म्हणतात, आणि तेही माफी मागतात. मग हलवा, उकडलेली अंडी. लग्न झाल्यापासून फिदाना या दिवशी एकदाही चुकली नव्हती. मानोलनं त्या रविवारी शर्ट बदलला, हलवा कापून ताटलीत लावला आणि खिडकीशी बसला. चार वाजले. पाच वाजले. मग त्यानं टोपी घातली आणि स्वतः निघाला.

दार कोस्तादिननं उघडलं, काठीवर रेलून.

"अरे, मेहुणे! वाट चुकलात का? थोरले धाकट्यांकडे कधीपासून यायला लागले?"

"आजपासून."

"या, या. फिदाना, बघ कोण आलंय. दुनिया उलटी झाली."

फिदाना स्वयंपाकघरात उभी होती. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा ओट्याकडे तोंड केलं.

"मी माफी मागायला आलोय," मानोल म्हणाला.

"कशाची?"

मानोलनं टोपी काढून हातात घेतली.

"नाही, सांग ना," ती म्हणाली. "आज सगळा गाव माफ कर, माफ कर म्हणत हलवा खात फिरतोय. कशाची ते कुणी सांगत नाही. तू सांग."

"ग्रीस आत जात नव्हतं," मानोल म्हणाला. "सप्टेंबरात. मला दिसलं होतं. मी पुसून टाकलं. पाना आणायचा कंटाळा केला. नंतर दाजी म्हणाले बरोबर चला, तर झेकोचा गिअरबॉक्स उघडा आहे असं सांगितलं. तो उघडा नव्हता."

"हे मला माहीत होतं," कोस्तादिन खुर्चीतून म्हणाला. "झेको त्याच दिवशी मला वाटेत गाडी चालवत भेटला होता."

"बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्याच संध्याकाळी गुत्त्यात तुम्ही म्हणालात, दाजींचा ट्रक लाजाळू."

फिदाना वळली. "एक सांग दादा. यांना आवाज येत होता. तू इथंच उभा होतास, माझ्याशेजारी. दोन्ही वेळा. तुला का नाही आला?"

हा प्रश्न येणार हे मानोलला ठाऊक होतं. हिवाळाभर तो याच प्रश्नाचं उत्तर बाळगून होता. खरं उत्तर, पुरावा केलेलं. ते दिलं असतं तर तो अर्धा सुटला असता आणि उरलेला अर्धा तिच्या डोक्यावर जन्मभरासाठी पडला असता.

"मी नीट ऐकलं नाही," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच. आणि जॅक लावला असता तर ऐकायची गरजच नव्हती. अर्धा तास लागला असता."

फिदानानं हात पुसले, पुन्हा पुसले. "अर्धा तास," ती म्हणाली. मग म्हणाली, "माफ आहे म्हणायला तोंड उघडत नाही रे. जा आज. पुढच्या वर्षी बघू."

मानोल गेला. ताटलीतला हलवा त्यानं आठवडाभर थोडा थोडा करून संपवला.

ते वर्ष तसंच गेलं. पुढच्या माफीच्या रविवारी त्यानं टोपी घातली, दार उघडलं, तर पायऱ्यांवर फिदाना. हातात झाकलेली ताटली.

"मी निघालोच होतो," तो म्हणाला.

"तू थोरला. तू बस."

ती आत आली, ताटली ठेवली, डोक्यावरचा रुमाल नीट केला. "गेल्या वर्षीचं माफ आहे," ती म्हणाली. "यांनी कधीच केलं होतं. मला वेळ लागला." मग वाकली, त्याचा हात धरला आणि त्यावर ओठ टेकवले. "आता तू मला माफ कर."

ती वाट पाहत राहिली, वाकलेली, हात धरून.

"कशाची?" त्यानं शेवटी विचारलं.

"वर्षभर भावाशी बोलले नाही, त्याची. आणखी कशाची?"

सांगायचं होतं तर सव्वा वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं, हे त्याला तिथं कळलं. दोघांचं ओझं होतं, दोघांनी मिळून उचललं असतं, रडलेही असते एकदाचे. आता ती माफी घेऊन आली होती. आता सांगणं म्हणजे तिच्या हातातलं ताट खाली पाडणं. आणि न सांगणं म्हणजे तिनं जी मागितलीच नाही ती माफी तिला चोरून देणं.

"माफ आहे," तो म्हणाला. "सगळं माफ आहे."

"सगळं काय सगळं? एवढी काही मी वाईट नाही." ती हसली आणि सरळ उभी राहिली. मग त्याच्या बोटांत मुरलेल्या काळ्या ग्रीसकडे पाहून नाक मुरडलं. "दादा, सणाच्या दिवशी तरी हात धुवावेत माणसानं."

"धुतले होते," मानोल म्हणाला आणि हलव्यासाठी सुरी शोधायला लागला.